मेहमानांचे वायफाय : दार खरेच बंद आहे का?

गेल्या ईदची गोष्ट. शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, हॉलमध्ये मोठी माणसे बोलत बसली होती, आणि अचानक टीव्हीवर मोठ्या आवाजात कुस्तीचा व्हिडिओ सुरू झाला. रिमोट कुणाच्याच हातात नव्हता. आतल्या खोलीत बसलेल्या भाच्याच्या मित्राने मोबाईलवर चुकून एक खूण दाबली होती. बिचारा धावत आला, माफी मागू लागला. सगळे हसले आणि विषय संपला.

रात्री मात्र मला झोप लागेना. त्याचा मोबाईल आमच्या टीव्हीपर्यंत पोहोचला, तर आणखी कुठे पोहोचत असेल? त्याच वायफायवर माझा लॅपटॉप होता, मुलीचा अभ्यासाचा टॅब होता. कॅमेऱ्यांचा डीव्हीआरही घरातल्याच इंटरनेटला जोडलेला, आणि त्यातला एक कॅमेरा अम्मींच्या खोलीत. मागच्या वर्षी त्या घसरून पडल्या, तेव्हापासून तो लावला आहे. अम्मी त्या खोलीत नमाज पढतात, केस विंचरतात, झोपतात. ते चित्र आम्हा भावंडांखेरीज कुणी पाहू नये, हे त्यांना मी कबूल केले होते.

अनेक घरांत आता एका राउटरऐवजी ‘मेश’ असते, म्हणजे दोन-तीन छोटे डबे. मुख्य डबा इंटरनेट कंपनीच्या फायबरच्या डब्याला वायरने जोडतात, बाकीचे लांबच्या खोल्यांत ठेवतात. सगळीकडे नाव एकच, पासवर्ड एकच. बहुतेक मेशच्या ॲपमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ची सोय असते. ती सुरू केली की मेहमानांसाठी वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड तयार होतो. मेहमानाला इंटरनेट मिळते, पण घरातल्या वस्तू त्याला लागत नाहीत, अशी ती योजना. आपण पाहुण्याला बैठकीत मानाने बसवतो. माजघर दाखवत नाही म्हणून कुणी रुसत नाही. तसेच हे.

मी दुसऱ्याच दिवशी ते सुरू केले. दोन मिनिटांचे काम. माझाच मोबाईल मेहमानांच्या वायफायला जोडून पाहिला, तर टीव्ही यादीत दिसेना. मी खूश झाले.

संगणकाचे काम करणारा भाचा मात्र म्हणाला, “खाला, दिसत नाही याचा अर्थ पोहोचत नाही असा नाही. डीव्हीआरचा पत्ता टाकून बघा.”

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर आकड्यांचा एक पत्ता देतो, १९२.१६८.१.५ असा काहीसा. टीव्हीचे नाव यादीत दिसणे ही एक गोष्ट. थेट त्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावणे ही वेगळी. मी मेहमानांच्या वायफायवरूनच ब्राउझरमध्ये डीव्हीआरचा पत्ता लिहिला आणि समोर त्याचे पान उघडले. त्याने पासवर्ड मागितला. तो बसवणाऱ्याने ठेवलेला, कारखान्यातून आलेला, सगळ्या जगाला माहीत असलेला. मी टाकला. अम्मींची खोली दिसली.

चूक मेशची नव्हती, जोडणीची होती. कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरची वायर जवळ पडते म्हणून कंपनीच्या फायबरच्या डब्यात खोचली होती. मेशचा मुख्य डबा त्या डब्याच्या पुढे बसतो. त्याच्या हिशेबाने फायबरचा डबा म्हणजे घराबाहेरचे जग, आणि मेहमानांना बाहेर जाण्याची परवानगी असतेच. म्हणून मेहमान बाहेर पडत होता आणि तिथेच आमचा डीव्हीआर उभा होता. आम्ही माजघराला कुलूप लावले, पण कपाट अंगणात राहिले.

भाच्याने ती वायर काढून मेशच्या मुख्य डब्यात जोडली, डीव्हीआरला नवा पत्ता घ्यायला लावला आणि पासवर्ड बदलला. पुन्हा पाहिले. घरच्या वायफायवरून कॅमेरे दिसले. मेहमानांच्या वायफायवरून पान उघडलेच नाही.

याच्या उलट दुसरी गफलतही पुष्कळ ठिकाणी होते. बसवणारा मेशला ‘राउटर’ऐवजी ‘ॲक्सेस पॉइंट’ किंवा ‘ब्रिज’ प्रकारात ठेवतो. मग सगळ्यांना पत्ते देण्याचे काम फायबरचा डबा करतो आणि मेश फक्त सिग्नल पसरवते. अशा वेळी काही मेशमध्ये गेस्टची सोय नाहीशी होते. काहींत नाव वेगळे दिसते, पण वाट एकच राहते. काही कंपन्यांनी या प्रकारातही वेगळेपण टिकवण्याची सोय केली आहे. म्हणून ॲपमधला हिरवा बिल्ला पाहून निश्चिंत होऊ नका. आपल्या घरात तपासा.

तपासणी अशी करा. आधी घरच्या वायफायवरून प्रिंटर, डीव्हीआर आणि राउटर यांचे पत्ते कागदावर लिहून घ्या. राउटरच्या ॲपमध्ये ते मिळतात. मग एक मोबाईल मेहमानांच्या वायफायला जोडा आणि त्याचा मोबाईल डेटा बंद ठेवा. लिहिलेले पत्ते एकेक करून ब्राउझरमध्ये टाका. एकही पान उघडता कामा नये. हीच तपासणी प्रत्येक डब्याजवळ उभे राहून करा, कारण काही मेशमध्ये मेहमानांचे वायफाय फक्त मुख्य डब्यावरच चालते, तर काहींत लांबच्या डब्यावर वेगळेपण टिकत नाही. शेवटी फायबरच्या डब्याचा पत्ता टाकून पाहा. त्याचे पान उघडलेच, तर निदान त्याचा पासवर्ड बदललेला असावा आणि त्याला घरातली दुसरी कोणतीही वस्तू जोडलेली नसावी. त्या डब्याचे स्वतःचे वायफाय सुरू असेल तर तेही बंद करा. नाहीतर डब्याच्या चिठ्ठीवरचा पासवर्ड वाचून कुणीही मागच्या दाराने येईल.

कारखान्याचा पासवर्ड बदलणे ही किरकोळ गोष्ट नाही. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर अनेक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली गेली. ज्यांच्या घरात ती यंत्रे होती, त्यांना पत्ताही नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. मेहमानांचे वायफाय घराच्या आतल्या बाजूने वेगळे असते. बाहेरच्या जगाला दोन्ही तुमच्याच नावावर दिसतात. २००८ साली अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्याचा त्या ई-मेलशी संबंध नव्हता, पण तपास आधी त्याच्याच दारात आला. म्हणून मेहमानांच्या वायफायलाही पासवर्ड हवाच, आणि ईद, लग्न असा गर्दीचा प्रसंग उरकला की तो बदलायलाच हवा. कुणावर शक घेण्याची ही बाब नाही. एका मोबाईलमध्ये पासवर्ड गेला की तो मित्राकडे आणि मित्राच्या मित्राकडे जातो.

घरच्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. आमच्याकडे मामूजान आले की मुले लाडाने घरचाच पासवर्ड द्यायची. आता मेहमानांचा पासवर्ड ठळक अक्षरांत लिहून बैठकीत लावला आहे. मागावा लागत नाही, म्हणून मेहमानही खूश.

डीव्हीआर, टीव्ही किंवा मेश बसवायला कुणी आले तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा : ही वायर कोणत्या डब्यात घातली? आणि पासवर्ड बदलला का? मग त्याच्यासमोरच मेहमानांच्या वायफायवरून पत्ता टाकून पाहा. मी हे केले नव्हते. अम्मींना सगळे सांगितले, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग एवढेच म्हणाल्या, “आता बंद आहे ना? पुन्हा एकदा बघ.”

मी पुन्हा बघितले. दर महिन्याला बघते.