‘घरातच थांबा’ म्हणता, पण घरात लाईट आहे का?

मार्च लागला की सगळ्यांच्या मोबाइलवर तीच सूचना फिरायला लागते. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, पाणी भरपूर प्या, डोक्याला दुपट्टा बांधा, ज्येष्ठांनी घरातच थांबावं. सूचनेत चूक काहीच नाही, मी स्वतः ती दरवर्षी बातमीत लावतो. पण आज घरातच थांबलेल्या एका बाईबद्दल लिहायचंय.

अमेरिकेत ॲरिझोना नावाचं वाळवंटी राज्य आहे. तिथल्या फिनिक्स शहराला लागून निवृत्त लोकांसाठी मुद्दाम वसवलेल्या वसाहती आहेत. पहिली ‘सन सिटी’, १ जानेवारी १९६० ला सुरू झाली. डेल वेब नावाच्या बिल्डरने कापसाच्या शेतांत ती उभी केली आणि ‘म्हातारपणी इथे या, ऊन खा, गोल्फ खेळा’ म्हणून घरं विकली. पुढे १९७८ मध्ये शेजारीच ‘सन सिटी वेस्ट’ झाली. साधारण २५ हजार वस्ती, घरात किमान एक माणूस ५५ च्या वरचा हवा असा नियम. पोहण्याचे तलाव, क्लब, रस्त्यावरून फिरणाऱ्या गोल्फच्या छोट्या गाड्या, सगळं आहे.

हिवाळ्यात तिथे गर्दी असते. उन्हाळा आला की ज्यांचं थंड प्रदेशात दुसरं घर आहे ते निघून जातात. मागे राहतात ते ज्यांचं तेच एक घर. त्यांच्यासाठीही उन्हाळी सूचना असतात आणि त्या आपल्यापेक्षा बारीक असतात. एसीची जाळी साफ करून घ्या, गावाला जाताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, कुत्र्याला दुपारी डांबरावर चालवू नका, शेजारच्या एकट्या माणसाला रोज एक फोन करा. डांबराचं वाचून हसू नका. रस्त्यावर नुसतं पडून भाजलेले रुग्ण तिथल्या जळीत विभागात दर उन्हाळ्यात येतात.

या सन सिटी वेस्टमध्ये ७२ वर्षांची एक बाई एकटी राहायची. सप्टेंबर २०१८ ची गोष्ट. विजेचं बिल थकलं होतं, सुमारे १७७ डॉलर. तिने त्यातले १२५ भरले. राहिले ५१ डॉलर आणि वर काही सेंट. दोन दिवसांनी ‘ॲरिझोना पब्लिक सर्व्हिस’ या वीज कंपनीने तिची लाईट कापली. त्या दिवशी तापमान होतं १०७ फॅरनहाइट. काही दिवसांनी ती घरात मेलेली सापडली. मृत्यूच्या कारणात उष्णतेची नोंद झाली.

१०७ फॅरनहाइट म्हणजे आपले जवळजवळ ४२ अंश सेल्सिअस. विदर्भात एवढ्या तापमानाची बातमीसुद्धा होत नाही. एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडते, नवतपा लागला की ४५ च्या पुढे. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा ही नावं देशाच्या यादीत वर आली की आपण स्क्रीनशॉट टाकतो आणि ‘आपलाच नंबर’ म्हणून जोक करतो.

तिकडे मात्र जून २०१९ मध्ये एका स्थानिक वृत्तपत्राने ही बातमी बाहेर काढली आणि गदारोळ झाला. त्याच महिन्यात राज्याच्या नियामक आयोगाने तातडीचा आदेश काढला, की उन्हाळ्यात थकबाकीसाठी घरगुती वीज तोडायची नाही. (तिथे या आयोगाचे पाचही सदस्य मतदानाने निवडून येतात. लोक चिडले की आयोगाला ऐकावंच लागतं.) पुढे कायमचा नियम झाला. कंपनीने १ जून ते १५ ऑक्टोबर वीज तोडू नये, किंवा अंदाज ९५ फॅरनहाइटच्या, म्हणजे ३५ अंशांच्या वर असेल त्या दिवशी तोडू नये. बिल माफ झालं नाही. ते चढतच राहतं, नंतर हप्त्यांत भरायचं. फक्त त्या दिवसांत माणसाची हवा बंद करायची नाही, एवढंच.

एवढ्याने प्रश्न सुटला असंही नाही. मे २०२४ मध्ये फिनिक्स भागातच ८२ वर्षांच्या एका बाईची वीज तोडली गेली आणि काही दिवसांत ती घरात मृत सापडली. १ जून उजाडायचा होता ना, मग नियम लागू नव्हता. म्हणून मला तारखेपेक्षा तापमानाचा निकष जास्त पटतो. ऊन कॅलेंडर बघून तापत नाही. २०२३ मध्ये फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंशांच्या वर होता. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे त्या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यात घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एसी होता. तो बंद पडलेला होता, किंवा लावलेलाच नव्हता.

आता आपल्याकडे बघू. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडे एसी नाही, कूलर आहे. कूलरला लाईटही लागते आणि पाणीही लागतं. नळ चार दिवसांआड असेल तर कूलरच्या टाकीत काय ओतणार? वर पत्रे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर नुसता पंखा शरीर गार करत नाही, उलट तापवतो. वय झालं की तहान लवकर कळत नाही, घाम कमी येतो, बीपीच्या काही गोळ्यांनी शरीरातलं पाणी आणखी घटतं. अशा माणसाला ‘घरातच थांबा’ सांगताना ते घर आतून किती तापलंय हे कोणी विचारत नाही.

आणि आपल्याकडे वीज कापण्याचा हंगाम कोणता? मार्च एंड. आर्थिक वर्ष संपत येतं, वसुलीचं टार्गेट असतं, लाइनमन फेब्रुवारी-मार्चमध्ये गल्लीगल्लीत फिरतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरून यादी येते. पण मार्चअखेर कापलेली लाईट एप्रिलच्या उन्हात कापलेलीच राहते. कायदा सांगतो, वीज कायदा २००३ चं कलम ५६, की १५ दिवसांची लेखी नोटीस द्या आणि मग तोडा. बाहेर किती अंश आहे, आत कोण राहतं, हे त्या कलमात कुठेच नाही.

त्या नोटिशीचं काय होतं तेही बघा. बिलाचा मेसेज जातो मीटरशी जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बहुतेक वेळा पुण्यात नाहीतर बंगळुरूला असलेल्या मुलाचा. मुलाने वाचला तर ठीक. त्याने नंबर बदलला असेल, तर आजीला पहिली खबर मिळते ती पंखा थांबल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. पारा चाळिशीच्या वर असेल तेव्हा ज्या घरात ज्येष्ठ माणसं एकटी राहतात तिथली वीज थकबाकीसाठी तोडू नये. पैसे माफ करू नका, हप्ते बांधून द्या. ‘असं केलं तर सगळेच बिल बुडवतील’ हे मला कमेंटमध्ये ऐकवलं जाणारच आहे. तिथल्या कंपन्या हा नियम पाळूनही चालू आहेत. आणि आपल्याकडची मोठी थकबाकी एकट्या म्हाताऱ्यांच्या दोन बल्ब-एक कूलरची नाही, हे बिल भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपला वीज नियामक आयोग निवडून येत नाही, पण दरवाढीच्या वेळी जनसुनावणी घेतो, हरकती-सूचना मागवतो. तिथे युनिटच्या दराबद्दल सगळे बोलतात. हा मुद्दा कोणीतरी मांडायला हवा.

यादी कुठून आणायची, असं कोणी म्हणेल. ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे, त्याखालच्या नियमांनुसार पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, खासकरून एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची असते. मी या आठवड्यात आपल्या ठाण्यात अर्ज देतोय, ती यादी वीज कार्यालयाला आणि नगर परिषदेला द्या म्हणून. नगर परिषदेला यासाठी, की टँकर कोणत्या गल्लीत आधी जावा हे त्यांनाही कळेल. अर्जाची पोच इथे टाकीन.

तोवर बाहेरगावी असलेल्यांनी एक करा. घरच्या मीटरला कोणाचा नंबर जोडलाय ते आजच तपासा आणि गावातल्या कोणाचा तरी नंबर आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, ॲम्ब्युलन्स १०८. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून कूलरच्या बाजूला चिकटवा.