सोफे उचला, सतरंज्या अंथरा

पुन्हा पासच. या आठवड्यात गावातल्या एका बैठकीला गेलो होतो. हिवाळ्यात बालाघाटला शास्त्रीय संगीताची एक संध्याकाळ करायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे ठरलं ते असं: बंद सभागृह, छापील पास, पुढच्या रांगेत मान्यवरांसाठी सोफे. स्टेशनाबाहेरच्या मोकळ्या जागेत करा, कोणीही यावं आणि बसावं, असं मी म्हटलं. उत्तर मिळालं की तिथे न समजणारी गर्दी होईल. त्यातून कलाकार नव्या रचना ऐकवणार, त्या तर कोणालाच कळायच्या नाहीत.

सोफ्यांविषयीचं माझं म्हणणं नेहमीच्या वाचकांना पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो. सोफा मैफल मारतो. त्यावर बसणारा उशिरा येतो, सत्कार झाला की उठतो आणि मग गाणाऱ्याला रात्रभर रिकाम्या गाद्यांकडे बघत गावं लागतं. ज्याला ऐकायचंच असतं तो मागे दाराशी उभा असतो. याला माझ्याकडे आकडेवारीचा आधार नाही, पण दाराशी उभ्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत.

आता ‘न समजणाऱ्या गर्दी’विषयी. आपल्याच राज्यात ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीपाशी १९२४पासून समारोह होतो आहे. २०२४मध्ये त्याने शंभरी गाठली. तिथे तिकीट नाही. समारोहातली एक सभा तर शहर सोडून बेहटला भरते, तानसेनाचं जन्मगाव मानल्या जाणाऱ्या खेड्यात. थंडीत घोंगडी पांघरून माणसं बसतात. बेहटला जे जमतं ते बालाघाटला का जमू नये?

आणि नव्या रचना कळत नाहीत, हे मध्य प्रदेशात राहून म्हणावं याचं मला फार वाईट वाटतं. क्षयाने आजारलेले कुमार गंधर्व १९४८मध्ये देवासला आले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी पडत राहिली. त्या धुनांतून त्यांनी नवे राग उभे केले आणि त्यांचं ‘अनूपरागविलास’ १९६५मध्ये मराठी वाचकांच्या हाती आलं. ज्या गाण्याचा उगमच दारावरून जाणाऱ्या बायकांच्या गळ्यात आहे, ते त्याच बायकांना कळणार नाही, हे कोणी ठरवलं?

पण मला सगळ्यात बोलकी वाटते ती तुलना दुसरीच. २०१३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर ‘इनव्हिजिबल सिटीज’ नावाचा नवाकोरा ऑपेरा झाला. संगीतकार ख्रिस्तोफर सेरोन, दिग्दर्शक युव्हल शेरॉन. गाडीची वाट पाहणाऱ्या खऱ्या प्रवाशांमधून गायक फिरत होते, नर्तक नाचत होते. वाद्यवृंद मात्र स्टेशनातल्याच एका बंद, जुन्या उपाहारगृहात बसला होता. वाद्यं आणि आवाज मिळून जे संगीत होतं, ते पोचत होतं फक्त तिकीट काढलेल्यांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये. बाकावर बसलेल्या प्रवाशाला शेजारचा माणूस एकाएकी गाऊ लागलेला दिसे, त्याचा सुटा आवाज ऐकू येई, पण सोबतचे सूर त्याच्यापर्यंत पोचत नसत. रचना मोलाची होती, पुढच्या वर्षी ती पुलित्झरच्या अंतिम यादीत आली. कल्पनाही धाडसी होती. तरीही माझ्या मनातून तो बाकावरचा प्रवासी जात नाही. संगीत त्याच्या स्टेशनात आलं, त्याच्या शेजारून वाट काढत गेलं, आणि त्याला मिळालं नाही.

याच्याशेजारी मैहर ठेवून बघा. बाबा अल्लाउद्दीन खाँ १९१८च्या सुमारास मैहरच्या राजाकडे आले. साथीच्या रोगाने अनाथ झालेली गावातली मुलं त्यांनी गोळा केली, त्यांच्या हाती सतार, सरोद, व्हायोलिन दिलं आणि वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून, सुरात लावून त्यांनी नलतरंग बनवला. वाद्य नवं, रचना नव्या, अनेक वाद्यांनी मिळून राग वाजवण्याची रीतही नवी. बँड दरबाराचा होता हे खरं. पण त्यात वाजवणारी मुलं अशा घरांतली होती, ज्यांना त्या काळी दरबाराच्या दाराशीही कोणी उभं केलं नसतं. आमच्या बैठकीतल्या मंडळींना जी माणसं संगीत ऐकण्याच्याही लायक वाटत नाहीत, तशाच माणसांच्या मुलांना बाबांनी वाजवायला बसवलं. मैहर बँड आजही आहे आणि बाबांच्या नावाचा समारोह मैहरला भरतो.

बालाघाटहून जबलपूर आणि जबलपूरहून मैहर, सगळा रस्ता रुळांचाच आहे. गोंदिया–जबलपूर छोटी लाईन गेल्या शतकाच्या आरंभी आली, २०१५मध्ये तिची गाडी थांबली आणि मोठी लाईन पूर्ण व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्या वर्षांत लामटा, चरेगाव, नैनपूरच्या माणसांनी काय सोसलं ते याच स्तंभातून लिहिलं आहे. आता गाड्या धावतात, तर त्या रुळांवरून संगीतही येऊ द्या. एका आठवड्यात गोंदिया, बालाघाट, लामटा, नैनपूर अशा सभा ठेवा. कलाकारांनी आपल्यासारखंच पॅसेंजरने उतरावं आणि स्टेशनाबाहेर सतरंजीवर बसणाऱ्यांना वाजवून दाखवावं. इंदूरला ३१ मे २०२५ रोजी मेट्रो सुरू झाली. तिथल्या स्टेशनांनाही हेच सांगणं आहे, पण आधी आपलं बघू.

अडचणी आहेत. फलाटावर बसवलं तर प्लॅटफॉर्म तिकीट आलं, परवानगी आली, सूचनांचा भोंगा आला. म्हणून सभा बाहेर हवी आणि वेळ दोन गाड्यांच्या मधली. दव पडायला लागलं की तबल्याची शाई ओलावते, सूर उतरतो, तंबोरे परत परत लावावे लागतात. तेव्हा संध्याकाळी पाचला सुरू करून आठच्या आत संपवावं, किंवा बेहटसारखं सकाळी उन्हात बसवावं. नलतरंगाच्या लोखंडाला दवाचं भय नाही. पहिल्याच वर्षी मैहर बँडला बोलावण्याचं तेही एक कारण.

तानसेन समारोह भरवणारी भोपाळची अकादमी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याच नावाची आहे. तिला पाठवायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. त्यावर बालाघाटच्या शिक्षकांच्या, भरवेलीच्या खाणकामगारांच्या, स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांच्या सह्या हव्यात. बैठकीतल्या मंडळींनीही सही केली तर मला आनंदच होईल. रविवारी सकाळी नऊपासून मी स्टेशनाबाहेर अर्ज घेऊन बसणार आहे.