बोट नंतर घ्या, आधी आठवडे मोजा

पर्यटन व्यवसायावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, बोट घ्यायची आहे, कर्ज किती मिळेल?" माझं उत्तर थोडं लांबून, थेट तुर्कीतून येणार आहे.

तुर्कीच्या नैऋत्य किनाऱ्यावर, एजियन समुद्र भूमध्य समुद्राला मिळतो त्या भागात, बोद्रुम नावाचं गाव आहे. 1925 मध्ये जेवात शाकिर नावाच्या लेखकाला एका लेखाबद्दल शिक्षा म्हणून इथे धाडलं. तेव्हा ते मासेमारांचं आणि समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांचं साधं गाव होतं. पण माणूस तिथे रमला. पुढे 1940च्या दशकात तो लेखक-चित्रकार मित्रांना घेऊन याच स्पंजवाल्यांच्या बोटीतून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडायला लागला. सोबत काय, तर कडक पाव, चीज, पाणी, तंबाखू. त्या मित्रांपैकी अझरा एरहात यांनी 1962 मध्ये या सफरींवर पुस्तक लिहिलं, नाव 'मावी योलजुलुक', म्हणजे निळा प्रवास. आज त्याच नावाने बोद्रुम, मार्मारिस, फेथियेहून लाकडी 'गुलेत' बोटी उन्हाळाभर सुटतात. केबिन, कप्तान, आचारी, सगळं तयार.

आता क्रम बघा. बोट आधीच पाण्यात होती, दुसऱ्याच कामाची. लोकांना मजा येते हे आधी कळलं. गाद्या-केबिनवर पैसा नंतर लागला. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं! आधी हप्ता सुरू, मग गिऱ्हाईक शोधा.

दुसरी गोष्ट हिशोबाची, आणि इथे जरा थांबाच. तिथला हंगाम साधारण मे ते ऑक्टोबर. म्हणजे सुमारे 26 आठवडे. बहुतेक सफरी आठवड्याच्या असतात, बऱ्याचदा शनिवार ते शनिवार. समजा बोटीत 6 केबिन आहेत. 6 गुणिले 26, म्हणजे 156. वर्षभराचा तुमचा माल एवढाच. शनिवारी बोट सुटली आणि एक केबिन रिकामी राहिली, तर ती रविवारी विकता येत नाही. किराणावाल्याची साखर उद्या खपते, केबिन नाही. शिवाय या 156 मधूनच हिवाळ्याचा खर्च निघायला हवा. लाकडी बोट किनाऱ्यावर ओढायची, घासायची, वॉर्निश मारायचं. कमाई सहा महिन्यांची, खर्च बारा महिन्यांचा. कोकणात पावसाळ्यात बोट बांधून ठेवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तिथे बोट दोन पद्धतीने विकतात. एक, केबिन-केबिन सुटी. दोन, अख्खी बोट एकाच ग्रुपला. सुट्या केबिनचे मिळून पैसे जास्त दिसतात, खरंय. तरी नवख्या माणसाने ग्रुपच धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. दहा अनोळखी माणसं म्हणजे दहा फोन आणि दहा आवडीनिवडी. मित्रांच्या ग्रुपमध्ये मात्र एकजण असतोच, जो सगळ्यांकडून पैसे गोळा करतो, कोण शाकाहारी हे त्यालाच ठाऊक असतं. (प्रत्येक ग्रुपमध्ये असतो हो, आणि त्याला कुणी धन्यवादही म्हणत नाही!) तुमचा खरा ग्राहक तो. अ‍ॅडव्हान्स त्याच्याकडूनच घ्या, रद्द केल्यास किती परत मिळेल ते त्यालाच लेखी द्या.

आणि कर्जाचं? ओळखीच्या बोटवाल्याला दिवसाचं भाडं विचारा, असे चार ग्रुप पूर्ण पैसे घेऊन नेऊन आणा. ती वही घेऊन मग बँकेत जाऊ.