'कम्युनिकेशन वीक' म्हणजे नक्की काय हो?

मंडळी, आमच्या आयटीत माणूस कसा बोलतो हे सांगायला फार तर पाच-सहा शब्द उरलेत. फ्लुएंट, सॉफ्ट स्पोकन, ब्लंट, कॉन्फिडन्ट... आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे 'कम्युनिकेशन वीक'. "पोरगा हुशार आहे रे, पण कम्युनिकेशन वीक आहे." संपला विषय!

टेस्टरने नुसतं 'नॉट वर्किंग' लिहून बग टाकला तर आपण तो परत पाठवतो. कुठे अडलं, काय करताना अडलं ते लिही म्हणतो. मग माणसाच्या बोलण्यावर इतका मोघम शेरा कसा काय चालतो? मराठीत फटकळ वेगळा, तोंडाळ वेगळा, रोखठोक वेगळा. आपण तिघांनाही 'ब्लंट'च्या एकाच गोणीत भरतो. कमी बोलणारा मितभाषी असेल, घुम्या असेल किंवा नुसता बुजरा असेल. बुजऱ्याला धीर द्यावा लागतो, मितभाषी माणसाला त्याच्या कामात सोडावं. इंग्रजीतही नेमके शब्द आहेत की! पण आपण उचलतो ते ऑफिसात घासून गुळगुळीत झालेले.

त्याहून वाईट 'एमटीआय', म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स. कॉल सेंटरच्या ट्रेनिंगमधला हा शब्द आता डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूतही ऐकू येतो. आमच्या पालघर-बोईसर पट्ट्यात कुणाच्या घरी वाडवळी, कुणाच्या मांगेली, कुणाच्या वारली. तिथला पोरगा इंग्रजी बोलला की त्यात आईची बोली डोकावणारच. लंडनवाल्याच्या इंग्रजीतही त्याच्या घरची बोली असतेच, पण त्याला आपण 'अ‍ॅक्सेंट' म्हणतो आणि वर कौतुकही करतो. आपल्या पोराचा मात्र तो दोष!

गंमत बघा. डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रं आज एसी ऑफिसांच्या रिसेप्शनमध्ये टांगलेली असतात. म्हणजे वारली भिंतीवर चालते, तोंडात चालत नाही.

क्लायंटला कळलं नाही तर पोराला जरूर सांगा. 'भरभर बोलतोस', 'वाक्य अर्धवट सोडतोस', 'मुद्द्यावर यायला वेळ लावतोस', असं सांगा. हे महिन्या-दोन महिन्यांत सुधारता येतं. 'एमटीआय' ऐकून त्याने काय सुधारायचं, आई?

असो. अप्रेझलचा फॉर्म भरताना एवढं बघा राव. त्या दोन शब्दांवर कुणाची तरी नोकरी टांगलेली असते.