मोकळ्या जागेचे मोल

शिंदखेड्याच्या पेठेत पॉलिथिनच्या पिशवीचा भाव कोणी विचारत नाही. मात्र त्याच पदार्थाच्या वैद्यकीय प्रतीपासून अपघातात मोडलेले गालाचे हाड किंवा डोळ्याच्या खोबणीचा तळ पुन्हा उभारता येतो. १९५० पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने असे सच्छिद्र इम्प्लांट विकसित केले आहे.

पॉलिथिनची भुकटी साच्यात भरून बेताची उष्णता दिली की कण पूर्ण वितळत नाहीत. जेथे टेकतात तेथेच सांधले जातात. मधल्या पोकळ्यांत रुग्णाच्याच रक्तवाहिन्या व ऊती वाढतात आणि तुकडा जागी स्थिरावतो. त्यामुळे अशा वेळी बरगडीचे हाड काढून बसवण्याची दुसरी जखम टळू शकते.

काही इम्प्लांट गुरांच्या हाडांपासून, तर हृदयाच्या काही झडपा डुकराच्या किंवा गुरांच्या ऊतींपासून बनतात. अहिंसा पाळणाऱ्या कुटुंबाने संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे : हे कशाचे आहे, आणि दुसरा पर्याय रुग्णाला मानवेल काय? प्रत्येक वेळी पर्याय असेलच असे नाही. पण नमुना पारखल्याविना सौदा न करणाऱ्या घरांनी येथेच संकोच करू नये.