औषधाची संथा

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार चार गुणही त्यांनीं मोजून ठेवले आहेत. शुश्रूषा करणाराच्या अंगीं उपचारांचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हवी. रोग्याच्या अंगीं स्मरणशक्ति, सांगितल्याप्रमाणें वागण्याची तयारी, निर्भयता आणि आपणांस काय होत आहे तें नीट सांगतां येण्याची शक्ति हवी. वाचकांनीं या यादीकडे जरा लक्षपूर्वक पाहावें. चारांपैकीं दोन पाय दवाखान्यांत नसून आपल्या घरांत आहेत. चार दिवसांच्या तापा-खोकल्यांत हे दोन पाय लंगडे असले तरी निभावतें. मधुमेहासारख्या जन्माच्या सोबत्यापुढें मात्र तसें चालत नाहीं. कारण वैद्याची गांठ महिन्या-दोन महिन्यांनीं पडते, आणि औषध तर दररोज, क्वचित् दिवसांतून चार वेळां, घरच्याच हातांनीं घ्यावयाचें असतें.

हा रोग आपल्याकडे नवा नाहीं. प्रमेहाचे वीस प्रकार आपल्या ग्रंथांत आहेत. सुश्रुतानें तर जन्मतः येणारा व अपथ्यानें होणारा असे दोन भेद करून, पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असेंही नोंदलें आहे. उणीव होती ती पहिल्या प्रकारच्या रोग्याला जगविणाऱ्या औषधाची. ती १९२२ सालीं भरून निघाली. त्या वर्षीं ११ जानेवारीस कॅनडांतील टोरोंटो शहरीं लेनर्ड टॉमसन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काची पहिली सुई टोचण्यांत आली. अर्क अशुद्ध होता, गुण बेताचाच आला. कॉलिप यांनीं तो शुद्ध केल्यावर २३ तारखेस पुन्हां सुई दिली, आणि मुलाच्या रक्तांतील साखर उतरली. पुढच्याच वर्षीं बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळालें. या गोष्टीला शंभरांहून अधिक वर्षें झालीं. औषध आलें, घरोघर पोंचलें. पण तें वापरण्याची विद्या त्याच वेगानें पोंचली असें आम्हांस वाटत नाहीं. ‘सुई लागली म्हणजे आतां शेवट जवळ आला’ हें वाक्य आम्ही आजही भल्या भल्या घरांत ऐकतों. ज्या औषधानें मरणाच्या दारांतून मुलें परत आणलीं, त्यालाच मरणाचें चिन्ह समजावें, हा केवढा विपर्यास!

ही विद्या घरांत कोणीं आणावयाची? डॉक्टरांच्या दाराशीं गर्दी इतकी असते, कीं त्यांनीं रोग पाहून मात्रा ठरविली हेंच पुष्कळ. शिकविण्याचें काम बहुधा परिचारिकेकडे येतें, जिला आपण ‘सिस्टर’ म्हणून हांक मारतों. येथें आपल्या सुशिक्षित घरांचा एक दोष स्पष्ट सांगितला पाहिजे. डॉक्टरांपुढें आपण हात जोडून बसतों. परिचारिका कांहीं समजावूं लागली कीं ‘कागदावर लिहून द्या, आम्ही वाचूं’ असें म्हणून उठतों. वाचतां येतें हा अभिमान आड येतो. कोल्हापुरास तरी हें शोभत नाहीं. येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे आजच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या, स्त्रीविभागावर १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक झाली होती. कामावर रुजू होण्यापूर्वींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या पुण्यास निवर्तल्या. परंतु स्त्रीच्या हातीं वैद्यकाचा अधिकार देण्यास हें संस्थान त्या काळीं तयार झालें होतें. तेव्हां शिकविणारी बाई पदवीनें डॉक्टर नाहीं म्हणून तिचा पाठ अर्ध्यावर सोडणें हा शहाणपणा नव्हे.

पाठशाळेंत संथा कशी देत तें जुन्या वाचकांस ठाऊक असेल. गुरुजी एक चरण म्हणत, शिष्य तो पुन्हां पुन्हां म्हणे, आणि स्वर चुकला कीं गुरुजी तेथेंच थांबवीत. ‘समजलें काय?’ हा प्रश्न त्या पद्धतींत नव्हताच. पस्तीस वर्षें शाळेंत शिकवून आमचाही अनुभव असा, कीं या प्रश्नाला सगळा वर्ग ‘होय’ म्हणतो, आणि ज्याला कांहींच समजलें नसतें तो सर्वांत मोठ्यानें म्हणतो. आजचें शुश्रूषाशास्त्रही शेवटीं याच रीतीवर आलें आहे: रोग्याला सांगावें, मग तें त्याच्या शब्दांत त्याच्याकडून वदवून घ्यावें, आणि हाताचें काम असेल तर त्याच्या हातानें करवून घ्यावें.

आमच्या आळींतील एका घरीं सत्तरी उलटलेल्या आजींना इन्सुलिनचें पेन सुरू झालें. चिरंजीव चांगले शिकलेले. पेनाबरोबरचें पत्रक त्यांनीं दोनदां वाचलें होतें. परिचारिकेनें त्यांना स्पंजाच्या तुकड्यावर टोचून दाखवावयास सांगितलें. त्यांनीं आंकडा बरोबर लावला, कळ दाबली आणि सुई लगेच बाहेर काढली. टोंकाशीं औषधाचा थेंब लोंबत राहिला. कळ पूर्ण दाबल्यावर मनांत दहा अंक मोजून मगच सुई काढावयाची असते. पत्रकांत तें होतें, त्यांनीं तें वाचलेंही होतें. पण हाताला ठाऊक नव्हतें. सूनबाईंनीं तीन वेळां करून संथा पक्की केली, आणि आतां आजींची सुई त्याच पाहतात.

आतां कोणत्या गोष्टींची संथा घ्यावी तें क्रमानें सांगतों. पहिली सिरिंजेची. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतें. बाटलींतील पुष्कळसें इन्सुलिन एका मिलिलिटरांत ४० युनिटें अशा ताकदीचें असतें. पेनाच्या काडतुसांत बहुधा १०० युनिटें. त्यांच्या सिरिंजाही निराळ्या: ४० च्या सिरिंजेचें टोपण तांबडें, १०० च्या सिरिंजेचें नारिंगी. गणित सोपें आहे. ४० च्या सिरिंजेवरील वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलिटर. त्या रेघेपर्यंत १०० ताकदीचें औषध भरलें, तर अंगांत विसांऐवजीं पन्नास युनिटें जातात, म्हणजे अडीचपट. उलट १०० च्या सिरिंजेंत ४० ताकदीचें औषध वीसच्या रेघेपर्यंत घेतलें, तर केवळ आठच जातात. पहिल्या चुकीनें माणूस बेशुद्ध पडूं शकतो. दुसरीनें साखर चढत राहते व दोष औषधाला येतो. म्हणून नवी बाटली उघडतांना बाटलीवरचा आंकडा व सिरिंजेवरचा आंकडा मोठ्यानें वाचून ताडून पाहावे. पेनाच्या काडतुसांतून सिरिंजेनें औषध कधींही ओढूं नये.

दुसरी टोचण्याची. पोटावर बेंबीपासून दोन बोटें दूर, मांडीचा पुढचा व बाहेरचा भाग, दंडाचा मागचा-बाहेरचा भाग, नितंब, या जागा योग्य होत. सवयीची जागा दुखत नाहीं म्हणून पुष्कळ जण तेथेंच टोचीत राहतात. तेथें चरबीची गांठ येते, व गांठींत टोचलेलें औषध कधीं लौकर तर कधीं उशिरां रक्तांत उतरतें. रोज निदान एक बोट जागा सरकवावी. दुधासारखें गढूळ दिसणारें इन्सुलिन तळव्यांमध्यें दहा वेळां हळूच फिरवून एकसारखें करावें, खळखळ हलवूं नये; आणि जें स्वच्छ असावयास हवें तें गढूळ दिसलें तर टाकून द्यावें. सुई प्रत्येक वेळीं नवी असावी, दुसऱ्याची तर कधींच वापरूं नये. वापरलेल्या सुया झांकणाच्या जाड डब्यांत साठवाव्या. केराच्या टोपलींत टाकल्या तर सफाई करणाऱ्या बाईच्या हातांत शिरतात.

तिसरी सांठवणीची. न उघडलेलें इन्सुलिन फ्रीजमध्यें २ ते ८ अंशांत ठेवावें, बर्फाच्या कप्प्यांत नव्हे. एकदां गोठलेलें औषध वायां गेलें असेंच समजावें. उघडलेली बाटली घरांतील थंड जागीं साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी व उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. आपल्याकडे वैशाखांत पारा तिशीच्या बराच वर जातो, तेव्हां खिडकींतली किंवा चुलीजवळची फळी उपयोगाची नाहीं. वीज नसेल तेथें ओल्या वाळूंत ठेवलेलें मातीचें मडकें व त्यांत कोरड्या डबींत बाटली, हा उपाय चांगला. कोल्हापूरकरांस हें निराळें सांगावयास नको. २०१९ च्या आगस्टांत पंचगंगेच्या पुरानें शिरोलीजवळचा महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, आणि २०२१ च्या जुलैंत पुन्हां तोच प्रसंग आला. ज्यांच्या घरीं इन्सुलिन आहे त्यांनीं आषाढ लागण्यापूर्वींच दोन-तीन आठवड्यांचा जादा सांठा, सुया, डॉक्टरांचा कागद आणि साखर एवढें एका पिशवींत तयार ठेवावें.

चौथी गोळ्यांची. सर्व गोळ्या एका जातीच्या नसतात, आणि आपली कोणत्या जातीची हें रोग्यास ठाऊक हवें. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतात; ती एकटी असतां साखर सहसा फार उतरवीत नाहीं, पण पोट बिघडवूं शकते, व फार वर्षें घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊं शकतें. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावयास लावतात. त्या घेऊन जेवण चुकविलें तर साखर धोक्याच्या खालीं जाते. ओकारी, जुलाब, ताप अशा दुखण्यांत कोणती गोळी थांबवावी हें आधींच विचारून लिहून ठेवावें. परंतु ज्यांचा जीवच इन्सुलिनवर आहे त्यांनीं ‘आज जेवलों नाहीं’ म्हणून तें आपल्या मनानें सर्वस्वीं बंद करूं नये.

यावरूनच उपवासाचा प्रश्न येतो. एकादशी, नवरात्र, संकष्टी हे आपल्या घरांचे नेम. अंबाबाईच्या नगरींत नवरात्राचे नऊ दिवस धरणाऱ्या वृद्ध स्त्रिया घरोघर आहेत. गोळी किंवा सुई नेहमींप्रमाणें, आणि पोटांत चंद्रोदयापर्यंत कांहीं नाहीं, हा प्रकार प्राणावर बेतणारा आहे. दुसऱ्या बाजूस साबूदाणा, बटाटा व खजूर यांचा फराळ साखर भराभर वाढवितो. आपल्या शास्त्रानें रोगी व वृद्ध यांना सवलत दिलेली आहे; इतकेंच नव्हे, तर ज्या आठ गोष्टींनीं व्रतभंग होत नाहीं म्हणून सांगितलें, त्यांत औषध आहे व गुरूचें वचनही आहे. तेव्हां उपवास करावयाचाच असेल तर आठ दिवस आधीं डॉक्टरांना विचारावें. घरच्यांना न सांगतां केलेलें व्रत देवीला पोंचतें कीं नाहीं तें आम्ही सांगूं शकत नाहीं. रुग्णालयांत पोंचवितें एवढें खरें.

शेवटची संथा साखर उतरल्याची, आणि ती घरांतील प्रत्येकानें, लहान मुलांनींही घ्यावी. अंगाला घाम, हातांना कंप, छातींत धडधड, एकाएकीं भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणें हीं तिचीं चिन्हें. रक्तांतील साखर ७० च्या खालीं असेल, किंवा तपासण्यास वेळ नसेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांत विरघळवून द्यावें. पेढा-लाडू देऊं नये. तुपा-दुधामुळें त्यांतील साखर हळू उतरते. पंधरा मिनिटांनीं पुन्हां तपासावें, गरज वाटल्यास पुन्हां द्यावें, आणि बरें वाटल्यावर जेवूं घालावें. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकास बोलवावें. आपल्या जिल्ह्याच्या गुळाचा अभिमान आम्हांसही आहे; परंतु गूळ म्हणजे साखर नव्हे अशी समजूत करून घेऊन रोज त्याचा खडा तोंडांत टाकणारे मधुमेही आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. गुळांत मुख्यत्वें साखरच असते. ती रोजच्या ताटांत नको. मात्र साखर उतरलेली असतां घरांत दुसरें कांहीं नसेल तर पाण्यांत विरघळवून तोच गूळ उपयोगी पडेल.

रोग्याच्या चार गुणांत आचार्यांनीं ‘स्वतःचें दुखणें सांगतां येणें’ हा गुण कां घातला तें आतां ध्यानीं येईल. साखर उतरूं लागली कीं बुद्धि मंदावते, आणि सांगण्याची शक्ति नेमकी त्याच वेळीं जाते. म्हणून ती शक्ति घरांतील दुसऱ्या कोणाच्या तरी ठिकाणीं असली पाहिजे. पुढच्या वेळीं दवाखान्यांत जातांना बाटली, सिरिंज किंवा पेन, सर्व गोळ्या व साखर मोजण्याचें यंत्र बरोबर न्यावें, घरांतील आणखी एकास न्यावें, आणि परिचारिकेला सांगावें: ‘बाई, आम्ही करून दाखवितों, चुकेल तेथें थांबवा.’ या कामास अर्धा तास लागेल, आणि तो मागतांना कोणीही संकोच करूं नये.