आटे गेले म्हणून हेड फेकायचे नसते



मागे एका रविवारी बुद्धवंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर पडत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एका ताईंनी आम्हाला थांबवले. म्हणाल्या, "भाऊ, पोरानं गॅरेज सोडलं. चार दिवस घरात बसून आहे. धड जेवत नाही. तुम्ही तरी विचारा."

मुलगा एकोणीस वर्षांचा. दहावी पास. सव्वा वर्ष मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये हेल्पर. विचारले तर आधी बोलेचना. मग हळूहळू सगळे सांगितले. गिऱ्हाईक घाई करत होते, म्हणून त्याने गरम इंजिनातच स्पार्क प्लग काढला. नवा बसवताना तो तिरका लागला. हाताने फिरेना म्हणून प्लगपान्याने जोर दिला. प्लग आधी घट्ट झाला, मग एकाएकी मोकळा फिरू लागला. हेडचे आटे गेले!

मालकाने नव्या हेडची किंमत त्याच्या पगारातून कापायची ठरवली. ती जवळजवळ निम्म्या पगाराएवढी. तेही एक वेळ सोसले असते. पण चारचौघांत तो म्हणाला, "तुम्हा लोकांना सवलतीची नोकरीच बरी. पाना धरणं तुमचं काम नाही." दुसऱ्या दिवसापासून मुलगा गेलाच नाही.

आम्ही कारकून माणूस. आमचा जन्म खतावणीत गेला, इंजिनातले आम्हाला काही कळत नाही. पण एक सवय आहे. समोर आकडा आला की तो कुठून आला हे विचारायचे. आटे गेले तर अख्खे हेड का बदलायचे? हा प्रश्न घेऊन आम्ही मुलासह वस्तीतल्या फिटरकाकांकडे गेलो. काकांनी तीस वर्षे कारखान्यात फिटरचे काम केले आहे.

काका हसले. म्हणाले, "हेडला तडा गेलाय का? नाही ना? मग हेड मेलेलं नाही. नवे आटे बसवू."

नवे हेड अजून यायचे होते, गाडी उभीच होती. मालकाने कुरकुरत जुने हेड दिले. "करून बघा," म्हणाला. पुढचे काम आम्ही काकांच्या ओट्यावर बसून डोळ्यांनी पाहिले. ते सविस्तर लिहितो, कारण आपली कितीतरी मुले गॅरेजमध्ये, रिक्षावर, डिलिव्हरीच्या गाडीवर पोट भरतात. गावाकडे फवारणी पंपाच्या आणि शेतातल्या छोट्या पेट्रोल इंजिनांनाही हाच आजार होतो.

आटे जातात का? हेड अॅल्युमिनियमचे, प्लगचे आटे पोलादाचे. मऊ आणि कठीण यांची झटापट झाली की मऊ हरते. इंजिन गरम असताना प्लग काढला, प्लग तिरका लागला किंवा जास्त आवळला, की अॅल्युमिनियमचे आटे खरवडून निघतात.

यावर काही लोक प्लगला तार किंवा टेप गुंडाळून बसवतात, कोणी सील भरतात. काका म्हणाले, हा उपाय नव्हे, ही फसवणूक. इंजिनातला दाब एक दिवस प्लग बाहेर फेकतो. खरे उपाय दोन. लेथवाल्याकडून बुश मारून घेणे किंवा हेलिकॉईल बसवणे. हेलिकॉईल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. तिच्या बाहेरच्या अंगाचे आटे हेडमध्ये बसतात आणि आतल्या अंगात मूळ मापाचा प्लग बसतो.

आधी माप पाहावे. पुष्कळशा 100 सीसी मोटारसायकलींचा प्लग 10 मि.मी. व्यासाचा आणि 1 मि.मी. पिचचा असतो. जुन्या स्कूटरला, टू-स्ट्रोक रिक्षाला बहुधा 14 मि.मी. आणि 1.25 पिचचा. माप चुकले तर सगळेच चुकले. हेलिकॉईलची लांबीही प्लगच्या आट्यांच्या लांबीला धरून घ्यावी.

काकांनी लेथवाल्याकडून संच आणला. मुलाला म्हणाले, "मी सांगतो, हात तू चालव." हेड इंजिनावरून उतरवलेले होते, ते बरे झाले. इंजिनावरच काम केले तर कीस सिलिंडरमध्ये पडून पिस्टनला ओरखडे पाडतो. हेड लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून शिकंजात पक्के केले. संचात दिलेल्या मापाच्या ड्रिलने भोक सरळ मोठे केले. मग संचातलाच टॅप. हेलिकॉईलचा टॅप वेगळा असतो, नेहमीचा चालत नाही. टॅपला तेल लावले. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. मुलगा इथेही घाई करू लागला, तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. "जोर नको. टॅप बोलतो, तो ऐक."

भोक रॉकेलने धुऊन हवेने साफ केले. हेलिकॉईल हत्यारावर चढवून फिरवत आत नेली आणि वरच्या काठापासून पाव ते अर्धा आटा खाली ठेवली. खालच्या टोकाला तिची एक छोटी शेपटी असते. ती तोडून बाहेर काढली. शेपटी आत राहिली तर इंजिनाचा नाश. हेलिकॉईल खाली, जिथे पेट्रोल जळते त्या पोकळीतही डोकावता कामा नये. तिथे तार तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटते.

शेवटी नवा प्लग. तो नुसत्या बोटांनी पूर्ण खाली जाईपर्यंत फिरवला. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचाच नाही, काढून पुन्हा लावायचा. वॉशर टेकल्यावर पान्याने सुमारे अर्धा फेरा. जुनाच प्लग पुन्हा लावत असाल तर फेऱ्याचा बारावा-आठवा भाग पुरे. नक्की प्रमाण गाडीच्या पुस्तकात असते. आणि प्लग काढायचा तो इंजिन थंड असतानाच.

नवे गॅस्केट टाकून हेड चढवले. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मुलाच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी हसू दिसले.

आता हिशेब. सगळा खर्च नव्या हेडच्या किमतीच्या दहाव्या हिश्शातही आला नाही. तो कागद घेऊन आम्ही मालकापुढे बसलो. नुकसानीबद्दल पगार कापायचा तर आधी कामगाराला आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते. त्याच्या निष्काळजीपणाने जेवढे नुकसान झाले, त्याहून जास्त कापता येत नाही. 1936 च्या वेतन अदायगी कायद्यात हे तत्त्व होते, 2019 च्या वेतन संहितेतही ते आहे. नुकसान हेलिकॉईलचे झाले, हेडचे नव्हे. मालकाने मान्य केले. दुरुस्तीचे पैसे मुलाने आपणहून भरले, कारण चूक त्याची होती आणि ती त्याने नाकारली नाही. आणि "तुम्हा लोकांना" या शब्दांचे काय, असे आम्ही विचारले. मालक खाली बघत राहिला. त्याचे मन बदलले असा आमचा दावा नाही. पण गाडी त्याच्या दारात सुरू उभी होती, आणि ती कोणाच्या हातांनी दुरुस्त झाली हे त्याला ठाऊक होते.

बाबासाहेबांनी 1942 साली व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारी मिळावी, अशी मागणी केली होती. हत्यार हातात येऊ न देणे हाही जातीचाच एक पहारा होता, हे त्यांनी ओळखले होते. आपण विहारात मंगलसुत्त म्हणतो. त्यात अंगी शिल्प असणे, म्हणजे हाताची विद्या असणे, हे मंगल सांगितले आहे. नारळ फोडणे मंगल सांगितलेले नाही!

म्हणून आई-बापांना सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी गॅरेजमध्ये जात असेल तर जाऊ द्या, पण नुसते हेल्पर राहू देऊ नका. आय.टी.आय.मध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा 2 वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. आमच्या या मुलाने त्याचा अर्ज आणून ठेवला आहे. प्रवेश होईपर्यंत तो त्याच गॅरेजमध्ये कामाला जातो आणि रविवारी वंदनेनंतर फिटरकाकांच्या ओट्यावर बसतो. आता तिथे आणखी दोन मुले येऊ लागली आहेत. तुमच्या वस्तीतही असे एखादे निवृत्त काका असतील. त्यांचा ओटा रिकामा ठेवू नका.

जयभीम!